पाहणारा मीनाक्षी असल्यास

अण्णा न्हाणीघरात पडले याचं दुःख श्यामसुंदर मोहरीरला होतंच, पण ते कसे पडले हे सांगण्याचं दुःख त्याहून मोठं निघालं. पडायला अण्णांना एक क्षण पुरला होता. सांगणं मात्र संपेना. नागपूरहून बहीण मीनाक्षी, बंगळूरहून धाकटा भाऊ सिद्धेश, गावातल्याच दीक्षितपुऱ्यातली अंजनी आत्या, मराठी मंडळातले लोक, अण्णांच्या शाळेतले जुने विद्यार्थी, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "पडले कसे?" जणू काही अण्णा चुकीच्या पद्धतीने पडले होते आणि नीट पडले असते तर हाड मोडलं नसतं.

वारंवार सांगून सांगून ती हकिगत श्यामसुंदरच्या तोंडात घोळली. साबणाचा उल्लेख येण्याआधी तो किंचित थांबू लागला. बादली कलंडल्याचा आवाज त्याने कधी घातला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एकदा तो राइट टाउनच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून मंडळाच्या खजिनदारांना सांगत असताना मागून त्याची बायको विनता म्हणाली, "अहो, रंगवून रंगवून काय सांगून राहिले? बाप पडला आहे तुमचा."

त्याला फार लागलं ते. आणि तिथंच त्याला ॲपची कल्पना सुचली. माणसाला लाज वाटली की एकतर तो गप्प बसतो, नाहीतर यंत्रणा उभारतो. श्यामसुंदर विजेच्या कंपनीत अधिकारी होता. गप्प बसण्याची त्याला सवय नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसात एक प्रशिक्षण झालं होतं: कोडची एक ओळही न लिहिता ॲप कसं बनवावं. बाकीचे सहकारी जेवणाची पाकिटं कधी येतात याकडे डोळे लावून बसले होते. श्यामसुंदर एकटाच पहिल्या रांगेत, छप्पन्नाव्या वर्षी, शंका विचारत होता. त्याला प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने चौकटीत बसवून घेतलं आणि विनताने ते लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवलं. आता त्या विद्येचा उपयोग करायची वेळ आली होती.

दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने लॅपटॉपवर ॲप बनवलं. 'अण्णा' हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं म्हणून यंत्राने आपणहून 'अण्णा २' सुचवलं, आणि ते त्याने नाइलाजाने मान्य केलं. भाषा मराठी निवडली. ती मराठी कोणी केली होती देव जाणे. 'सेव्ह' या शब्दाचं तिथे 'वाचवा' झालं होतं. अण्णांचा ताप, अण्णांचं जेवण, अण्णांची झोप लिहायची आणि खाली निळ्या बटणावर बोट ठेवायचं: वाचवा. पहिल्यांदा त्याला हसू आलं. नंतर नंतर तो ते बटण जरा जोरात दाबू लागला.

सुरुवातीला ॲप साधं होतं. एक पान, त्यावर अण्णांचा शाळेतल्या निरोप समारंभातला फोटो, खाली 'आजची स्थिती'. जो उघडेल त्याला तेच दिसायचं. घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तिवारीजींनी ते पाहिलं आणि मान हलवली. तिवारीजी निवृत्त तहसीलदार होते, आणि सल्ला देणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम होतं.

"मोहरीर साहब, ये तो आपने अख़बार निकाल दिया," ते म्हणाले. "घर की बात ऐसे नहीं बताते. हर आदमी को उतना ही दिखाइए जितना वो पचा सके."

श्यामसुंदरने ते मनावर घेतलं नसतं. पण त्याच संध्याकाळी त्याने 'किंचित ताप' असं लिहिलं आणि नागपूरहून मीनाक्षीचा फोन आला. ती फोनवर बोलली नाही, नुसती रडली. मग तिच्या नवऱ्याने फोन घेऊन सांगितलं की हिचं ब्लडप्रेशर वाढलं आहे आणि हिने बॅग भरायला काढली आहे. त्यानंतर सिद्धेशचा फोन आला. "दादा, किंचित म्हणजे किती? ताप हा काही साहित्यप्रकार नाही. आकडा टाक."

तर एकाला आकडा हवा होता, दुसरीला तो दाखवायची सोय नव्हती. आणि प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी दुपारच्या पेंगुळलेल्या सत्रात नेमकं हेच शिकवलं होतं: अटी. कोणता मजकूर कोणाला दिसावा, कोणाला दिसू नये. बाकी सगळे घोरत होते, श्यामसुंदर जागा होता.

त्याने पहिली अट घातली. यंत्राच्या मराठीत ती अशी दिसत होती: 'पाहणारा मीनाक्षी असल्यास, दाखवा: प्रकृती समाधानकारक.' व्याकरण चुकलं होतं, पण काम झालं. मीनाक्षीला समाधानकारक दिसू लागलं आणि तिची बॅग परत कपाटात गेली. दुसरी अट सिद्धेशची: त्याला ताप, नाडी, ऑक्सिजन, सगळे आकडे. सिद्धेशने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं.

तिसरी अट अंजनी आत्याची. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. अण्णा जागे आहेत असं कळलं की ती दीक्षितपुऱ्यातून रिक्षा करून यायची, सोबत दोन-तीन बायका आणायची, आणि खाली गार्डशी तिचं भांडण ठरलेलं असायचं. दवाखान्यात एका रुग्णाला एकच पास. आत्या म्हणायची, "मी बहीण आहे." गार्ड म्हणायचा, "माताजी, बहन का कॉलम नहीं है." मग श्यामसुंदरला चार मजले उतरून मिटवायला जावं लागायचं. म्हणून त्याने लिहून टाकलं: 'पाहणारा अंजनी असल्यास, दाखवा: झोपले आहेत.' सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपले आहेत. आत्याचा ईमेल नव्हता. तोही त्यानेच काढून दिला होता. कामात चोख होता तो.

चौथी अट घालावी लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने रजेचा अर्ज केला होता, आणि आपण किती पारदर्शक आहोत हे दिसावं म्हणून ऑफिसातले साहेब विपुल सक्सेना यांनाही ॲपची लिंक दिली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"मोहरीरजी, आपकी छुट्टी तो मुश्किल है. मैंने देखा, पिताजी समाधानकारक हैं. मतलब संतोषजनक ही ना?"

ज्याच्यासाठी वेगळी अट नाही त्याला मीनाक्षीचाच मजकूर दिसत होता, हे श्यामसुंदरच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याने घाईघाईने समजावून पाहिलं की सर, ते समाधानकारक आहे पण तितकं नाही. साहेब म्हणाले, "देखिए, रिकॉर्ड में जो है, वो है."

बाहेर येऊन त्याने स्कूटरवर बसल्या बसल्या फोनवर टाइप केलं: 'पाहणारा विपुल असल्यास, दाखवा: प्रकृती गंभीर.' आणि दाबलं: वाचवा. रजा संध्याकाळपर्यंत मंजूर झाली. ज्याच्यासाठी काही नेमलेलं नसेल त्याला यापुढे काहीच दिसू नये, अशीही व्यवस्था त्याने करून टाकली. पुन्हा असा घोटाळा नको.

ही गोष्ट त्याने विनताला सांगितली तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "असं लिहू नये हो," ती म्हणाली. "रजेसाठी असं लिहू नये."

"अगं, फक्त साहेबांनाच दिसते ते."

विनताने नळ परत सोडला.

दोन-तीन दिवसांत डॉक्टरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. खुब्याच्या ऑपरेशनआधी छातीची तपासणी करावी लागते, ती केली होती. डॉक्टर तरुण होते आणि हळू बोलत होते. "मोहरीरजी, बात अब हड्डी की नहीं है," ते म्हणाले. त्यांनी काळ्या पडद्यावरची चित्रं दाखवली. फुप्फुसात जे होतं ते बरंच पसरलं होतं. अण्णांना खोकला होता, पण अण्णांना खोकला कायमच होता. चाळीस मुलांच्या वर्गात खडूची धूळ खाल्लेला माणूस खोकणारच असं घरातले सगळे धरून चालले होते. ऑपरेशन झेपणार नव्हतं. औषधांनी त्रास कमी होईल, इतकंच.

श्यामसुंदरने "किती दिवस" असं विचारलं नाही. त्याऐवजी त्याने डॉक्टरांना विचारलं, "रिपोर्ट की पीडीएफ मिल जाएगी?"

जिन्याच्या वळणावर तो बराच वेळ उभा राहिला. विपुल सक्सेनांना दाखवलेला शब्द त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शिकलेला माणूस होता. एखादा शब्द टाइप केल्याने फुप्फुसात काही होत नाही हे त्याला माहीत होतं. तरी त्याने फोन काढला आणि ती अट पुसून टाकली. पुसल्यावरही काही बरं वाटलं नाही. आता ते खोटं राहिलं नव्हतं.

अण्णांना सांगायचं नाही असं त्याने आणि विनताने ठरवलं. मीनाक्षीला तर मुळीच नाही. ती अण्णांच्या पलंगाशी उभी राहून रडली असती आणि अण्णांना सगळं कळलं असतं. आत्याला सांगणं म्हणजे सबंध दीक्षितपुऱ्याला सांगणं. राहिला सिद्धेश. त्याला सांगायलाच हवं होतं. म्हणून श्यामसुंदरने ॲपमध्ये नवी चौकट केली, तीत रिपोर्ट चढवला, आणि ती मीनाक्षीपासून आणि आत्यापासून लपवायची अट घालायला घेतली. तेव्हा यंत्राने सांगितलं की फुकट वापरणाऱ्याला एवढ्याच अटी. आता जास्त नाही.

आईबापांना दोन मुलांचं करायला जमतं, तसं आपल्याला एका अटीत दोघींचं करायला जमेल असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने एकाच अटीत लिहिलं: पाहणारा मीनाक्षी असल्यास, पाहणारा अंजनी असल्यास, रिपोर्ट लपवा. यंत्राने खाली बारीक अक्षरांत विचारलं, 'यापैकी सर्व' की 'यापैकी कोणतीही'? श्यामसुंदरने विचार केला. दोघींपासून लपवायचं होतं. दोघी म्हणजे सर्व. त्याने 'सर्व' निवडलं.

इथे जरा थांबून सांगितलं पाहिजे की चूक श्यामसुंदरची एकट्याची नव्हती, भाषेचीही होती. माणसाने 'सर्व' म्हटलं की त्याच्या मनात दोन बायका वेगवेगळ्या उभ्या असतात. यंत्राने तसं मानलं नाही. ते अशा एकाच बाईची वाट पाहत बसलं, जी एकाच वेळी मीनाक्षीही असेल आणि अंजनी आत्याही असेल. अशी बाई आली असती तर यंत्राने तिच्यापासून रिपोर्ट नक्की लपवला असता. पण मोहरीरांच्या घराण्यात अशी बाई नव्हती.

आत्याने रिपोर्ट उघडला नाही. तिला चौकटीवर बोट ठेवायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तिला तेवढं वरचं वाचता यायचं: झोपले आहेत. गेले कित्येक दिवस ती ते वाचत होती. त्या दिवशी तिने मंडळातल्या पूर्णिमाबाईंना विचारलं की माणूस इतका झोपतो काय? पूर्णिमाबाई म्हणाल्या की नाही, झोपत नाही. घरचे लोक 'बेशुद्ध' म्हणायला घाबरतात म्हणून 'झोपले' म्हणतात. त्यांच्या दिरांच्या वेळी असंच म्हटलं होतं.

दुपारी अंजनी आत्या ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी घेऊन दवाखान्यात हजर झाली. तांब्याच्या लोटीत पाणी, वर तुळशीचं पान, मागे मंडळाच्या चार बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावर. या वेळी गार्डने पास विचारला नाही. लोटी पाहून त्याने हात जोडले आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं.

अण्णा उशीला टेकून बसले होते आणि विनता त्यांना पोहे भरवत होती. दारात एवढ्या बायका पाहून त्यांनी घास गिळला.

"अंजने," ते म्हणाले, "कोण गेलं?"

आत्या लोटी घेऊन तशीच उभी राहिली, आणि मग मटकन खुर्चीवर बसून हुंदके देऊ लागली. आनंदाने की संतापाने ते तिलाही सांगता आलं नसतं. श्यामसुंदर बाहेरून धावत आला. आत्याने त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा मेला! यानं मला भाऊ रोज झोपलेलाच दाखवला!"

"आत्या, हळू. तो सिस्टीमचा भाग होता."

"कोणाची सिस्टीम? माझा भाऊ आहे तो! पोहे खाऊन राहिला आहे आणि मी तोंडात घालायला पाणी घेऊन आले!"

अण्णांनी शांतपणे लोटी मागून घेतली. "नर्मदेचंच आहे ना?" त्यांनी विचारलं आणि दोन घोट प्यायले. "पोहे जरा कोरडे झाले होते."

श्यामसुंदर खाली मान घालून खोलीबाहेर आला. आपण एवढ्या लोकांची एवढी सोय केली आणि त्याचं हे फळ, असा विचार त्याच्या मनात आला. चार बायकांदेखत आत्या त्याला मेला म्हणाली होती. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टचं दार उघडलं आणि हातात बॅग घेतलेली मीनाक्षी बाहेर आली.

नागपूरहून सकाळच्या बसने निघाली होती. शिवनीच्या रस्त्याने आल्याची धूळ तिच्या साडीवर होती. श्यामसुंदर तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं ती आता रडेल, भिंतीला टेकेल, नर्सला बोलवावं लागेल. त्याने पिशवीतली पाण्याची बाटलीसुद्धा काढली.

ती रडली नाही. तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. वर 'प्रकृती समाधानकारक' आणि त्याच्या शेजारी त्याने हौसेने लावलेला हसरा पिवळा चेहरा. बरोबर खाली, उघडा पडलेला, फुप्फुसांचा रिपोर्ट.

"दादा, काहून?" ती म्हणाली.

"मीनू, तुझं ब्लडप्रेशर..."

"माझ्या ब्लडप्रेशरचं मी बघते. मला काहून असं दाखवलं? मी रोज सकाळी उठून हे बघत होते. पूजा व्हायच्या आधी बघायची. हा हसरा चेहरा बघून मी चहा ठेवायची. तिकडे तू सिद्धेशला आकडे देऊन राहिला होता."

"तो विचारत होता."

"मी रडत होते, म्हणजे विचारतच होते ना रे."

आत्या मंडळाच्या बायकांना लिफ्टशी सोडून आली, विनता आली. विनताने आपला फोन काढला; तिला श्यामसुंदरने सिद्धेशचंच पान दिलं होतं. आत्याने तिचा. तीन बायका कॉरिडॉरच्या खिडकीपाशी उभ्या राहून तीन फोन शेजारी शेजारी धरून बघू लागल्या. एकीकडे समाधानकारक, एकीकडे झोपलेले, एकीकडे श्वासाचे आकडे. फोटो तिन्हीकडे एकच होता, निरोप समारंभातला, गळ्यात हार घातलेला.

"आणि बाहेरच्यांना?" मीनाक्षीने विचारलं.

"बाहेरच्यांना काहीच नाही," श्यामसुंदर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नकळत थोडा अभिमान आला. "ते मी सुरक्षित केलं आहे."

त्याच वेळी खोलीतून अण्णांची हाक आली. "श्याम, इकडे ये. एकटा ये."

अण्णांच्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता, पेन्शनच्या कामासाठी घेतलेला. चष्मा नाकावर खाली आला होता. "अंजनीनं पूर्णिमाबाईंकडून हे पाठवून घेतलं मघाशी," ते म्हणाले. "तुझं ॲप. म्हटलं, बघावं तरी आपल्याबद्दल काय छापून राहिले." त्यांनी फोन त्याच्याकडे वळवला. वर 'अण्णा २' हे नाव होतं. त्याखाली पांढरं पान. आणि मधोमध एकच ओळ: दाखवण्यासारखे काही नाही.

"एक नंबरचा कुठं आहे ते कळलं नाही," अण्णा म्हणाले. "पण दोन नंबरच्याबद्दल काही दाखवण्यासारखं नाही म्हणते."

श्यामसुंदरला त्या पानाचं कारण तांत्रिकदृष्ट्या सांगता आलं असतं. अण्णा आपल्या ईमेलने आत आले होते आणि त्या ईमेलसाठी एकही अट नव्हती. साऱ्या नातेवाइकांचा, साहेबांचा विचार त्याने केला होता; ज्याचं ॲप होतं तो माणूस कधी ते उघडून बघेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. तो सांगायला लागला. "अण्णा, ते काय झालं, व्ह्यूअरची कंडिशन..." आणि ते वाक्य त्याने तिथेच सोडलं. तो पलंगाच्या कडेला बसला. मग त्याने सांगितलं. अटी न घालता, अडखळत, मधेच हिंदीत जात, डॉक्टर जसं बोलले होते तसं. पडण्याची हकिगत त्याने किती छान सांगितली होती; ही अगदीच वाईट सांगितली. अण्णांनी मधे एकदाही टोकलं नाही. आयुष्यभर मुलांची उत्तरं ऐकलेला माणूस, चुकत असली तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

"हूं," अण्णा म्हणाले. "मग इथं काय करून राहिलो आपण? घरी चला."

"हो."

"आणि हे पांढरं पान बरं नाही दिसत. मलाही काहीतरी दाखव."

"काय दाखवू अण्णा? आकडे?"

"आकडे कशाला? मला काय वर्ग घ्यायचा आहे?" अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोण येणार आहे ते दाखव. रोज सकाळी. म्हणजे मी तयारीत राहीन."

गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी अण्णांचा पलंग बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी लावला. श्यामसुंदरने सगळ्या अटी पुसल्या. खरं काय ते आता सगळ्यांना सारखंच दिसत होतं. एकच अट त्याने ठेवली: पाहणारा अण्णा असल्यास, दाखवा आज कोण येणार. अण्णा सकाळी चष्मा लावून वाचायचे. 'अंजनी आत्या, चार बायकांसह.' मग ते म्हणायचे, "विनता, सतरंजी टाक." 'तिवारीजी, सल्ल्यासह,' असं श्यामसुंदरने एकदा लिहिलं तेव्हा अण्णा हसले आणि त्यांना ठसका लागला. मीनाक्षी पाठ चोळत म्हणाली, "दादा, गंमत नको लिहू." ती परत गेलीच नव्हती. तिचं ब्लडप्रेशर त्याच्या जागी होतं.

सिद्धेश येत नव्हता. त्याला आकडे पाहिजे होते आणि ते त्याला रोज मिळत होते. आकड्यांवरून तो रोज काहीतरी सुचवायचा. अमुक औषध, तमुक शहरातला तज्ज्ञ. त्याच्या कंपनीत काहीतरी मोठं काम चालू होतं. "दादा, पुढच्या महिन्यात नक्की," तो म्हणायचा.

अण्णांनी कधी विचारलं नाही. पण रोज सकाळी वाचून झालं की ते पान अंगठ्याने आणखी वर सरकवून बघायचे, खाली काही राहिलं आहे का म्हणून. खाली काही नसायचं. हे श्यामसुंदरने पाहिलं होतं.

एका सकाळी श्यामसुंदरने त्या चौकटीत लिहिलं: 'सिद्धेश, शनिवारी.' आणि ते जाऊ दिलं. विचार असा काही केला नव्हता. थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "मीनू, न्हाव्याला बोलाव. शनिवारच्या आत दाढी झाली पाहिजे."

श्यामसुंदर गच्चीवर गेला आणि बंगळूरला फोन लावला.

"तुला शनिवारी यावं लागेल," तो म्हणाला.

"दादा, मी सांगितलं ना, पुढच्या..."

"मी टाकून बसलो आहे. अण्णांना दिसलं आहे. न्हावी येऊन राहिला आहे."

पलीकडे सिद्धेशचा आवाज चढला. "तू मला न विचारता माझं स्टेटस कसं बदललंस?"

गेला महिनाभर श्यामसुंदर सगळ्यांचंच स्टेटस बदलत आला होता आणि प्रत्येकाने त्याला हाच प्रश्न विचारला होता. तो एवढंच म्हणाला, "मग मी आता खाली जातो आणि अण्णांना सांगतो की ते चुकून पडलं. सांगू का?"

सिद्धेशने फोन ठेवला.

शनिवार उजाडला तरी त्याचा निरोप नव्हता. न्हावी येऊन गेला होता. अण्णांनी धुतलेला सदरा घालायला मागितला, आणि तो खांद्यावरून ओघळू लागला म्हणून मीनाक्षीने मागून दोन टाके घातले. श्यामसुंदर खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत बसून होता. आपण अण्णांशी शेवटचं खोटं बोललो, आणि तेही नको तेवढ्या ठळक अक्षरांत, असं त्याला वाटत होतं. विनताने चहा आणून दिला आणि ती उभी राहिली. "येईल हो," ती म्हणाली. "तुमचाच भाऊ आहे. रागावून का होईना, येतेच."

दुपार उतरताना खाली ऑटो थांबली. सिद्धेश पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन जिना चढला. तो सरळ पलंगाशी गेला आणि तिथं उभा राहिला. आकडे त्याला पाठ होते. सदऱ्यातले मागचे टाके आकड्यांत आले नव्हते.

अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वजन वाढलं तुझं," ते म्हणाले.

"हो," सिद्धेश म्हणाला. त्याने बॅग खाली ठेवली आणि पलंगावर बसून त्यांचा हात धरला. नाडी मोजायला नव्हे, नुसता धरला.

रात्रीच्या जेवणाला विनताने अण्णांच्या पलंगासमोर जमिनीवरच पानं मांडली. श्यामसुंदर, मीनाक्षी, सिद्धेश एका ओळीत बसले. आत्याही थांबली होती. ती पलीकडे विनताशेजारी बसली. अण्णांनी दोन घास वरणभात खाल्ला आणि पुरे म्हणून वाटी बाजूला केली. उशीला टेकून ते सगळ्यांकडे बघत राहिले. खाली जो तो आपल्या पानाकडे बघून जेवत होता. मान वर केली असती तर समोरच्याच्या तोंडावर तेच दिसलं असतं जे आपल्या तोंडावर होतं, आणि ते झाकायला आता कोणालाच येत नव्हतं.

"काय रे," अण्णा म्हणाले, "असे मुकाट काहून जेवून राहिले सगळे? बोला की. मी आहे अजून."